पक्ष्यांच्या आवाजांची ओळख : पायथॉन ३.१३ वरून ३.११ वर

नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात पहाटे केलेली ध्वनिमुद्रणे नाशिकला घरी आणून मी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर तपासतो; त्यातील पक्ष्यांचे आवाज ओळखणारे प्रशिक्षित मॉडेल पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतून चालते. त्या कामाची ही पुढची नोंद. जुने मेमरी कार्ड खराब झाल्यामुळे नव्या कार्डावर नवी प्रणाली बसवली आणि तिच्यासोबत पायथॉन ३.१३ आले. त्यानंतर पिपला (पायथॉनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाला) हे मॉडेल चालवणाऱ्या टीएफलाइट-रनटाइम या पॅकेजची एकही आवृत्ती सापडेना.

पहिली संध्याकाळ मी नावातील चूक शोधण्यात घालवली. पॅकेज मात्र जागेवरच होते. चालू पायथॉनला आणि प्रोसेसरला जुळणाऱ्या फाइलींचाच विचार पिप करते, आणि तशी एकही नसेल तर पॅकेज अस्तित्वातच नसल्यासारखे उत्तर देते. व्हील फाइलीच्या (बसवण्यासाठी तयार पॅकेज-फाइलीच्या) नावातील 'सीपी३११' हा भाग सीपायथॉन (पायथॉनचे नेहमीचे, मूळ रूप) ३.११ दर्शवतो, आणि या पॅकेजच्या २.१४ आवृत्तीच्या फाइली तेथेच थांबतात. केवळ पायथॉनमध्ये लिहिलेल्या पॅकेजला ही अडचण सहसा येत नाही. सी++ भाषेतून संकलित (कंपाइल) केलेला भाग मात्र बहुधा त्या त्या आवृत्तीच्या अंतर्गत रचनेशी बांधलेला असतो. (नवख्यांसाठी : ३.११ हा दशांश अपूर्णांक नव्हे; ३.९ ही त्याच्यापेक्षा जुनी आवृत्ती आहे.)

प्रणालीच्या पायथॉनला मी हात लावला नाही, कारण प्रणालीची स्वतःची साधने त्यावर चालतात. पायथॉनच्या अनेक आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवू देणाऱ्या पायएन्व्ह या साधनाने ३.११ वेगळे संकलित करून घेतले. संकलनाला लागणारे 'लिबएसएसएल-डेव्ह' हे प्रणालीचे पॅकेज आधी न बसवल्याने पहिले संकलन वाया गेले. नंतर त्याच पायथॉनवर स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पॅकेजांचा वेगळा कप्पा) तयार केले आणि त्यात पॅकेज एका आज्ञेत बसले.

तरीही मॉडेल उघडेना, आणि ही दुसरी अडचण मला अधिक महत्त्वाची वाटते. पॅकेज नमपाय या गणिती पॅकेजच्या १ या मुख्य आवृत्तीच्या काळात संकलित झालेले होते, पण नमपायसाठी वरची मर्यादा त्यात नोंदलेली नसल्याने पिपने नमपाय २ निमूटपणे बसवले होते. पायथॉनची मर्यादा पिपने पाळली, कारण ती फाइलीच्या नावातच होती. न नोंदलेली मर्यादा आपणच लिहावी लागते. रिक्वायरमेंट्स फाइलीत (लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत) 'नमपाय २ पेक्षा कमी' अशी अट घातल्यावर नमपाय १.२६.४ आले आणि मॉडेल चालू झाले.

पायथॉन ३.११ ला सुरक्षा-दुरुस्त्या ऑक्टोबर २०२७ पर्यंतच मिळणार आहेत. त्याआधी हेच मॉडेल, टीएफलाइटचे नवे रूप असलेल्या लाइटआरटीवर, वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवून दोन्हींचे निकाल त्याच ध्वनिमुद्रणांवर ताडून पाहणार आहे.