एफएफएमपेगला खिडकी: प्रोग्रेस बार आला, कॅन्सलपण चालतंय

मागच्या अपडेटपर्यंत बटण दाबलं की एफएफएमपेग (कमांड टाईप करून व्हिडिओ बदलायचा प्रोग्रॅम, त्याला स्वतःची खिडकी नाही) सुरू व्हायचं, बास एवढंच. आता खरा प्रोग्रेस बार आलाय आणि कॅन्सल दाबल्यावर फाईलची वाट लागत नाही. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात, पायथन आणि पायक्यूटीमध्ये (पायथनमधून क्यूटी, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी, वापरायची सोय) छोटा प्रोग्रॅम लिहितोय, घरच्यांना फोनवरचे अवाढव्य व्हिडिओ लहान करून हवे असतात आणि आईला काळ्या खिडकीत कमांड टाईप करायला सांगायची माझी हिंमत नाही.

कमांड चालवणं हा सगळ्यात सोपा भाग हो. दुसरा प्रोग्रॅम चालवायला पायथनचं सबप्रोसेस डॉट रन आहेच, पण कमांड संपेपर्यंत ते परतच येत नाही आणि तोवर अख्खी खिडकी गोठून बसते, म्हणून त्याच कामासाठी क्यूटीचं क्यूप्रोसेस घेतलं. ते लगेच मोकळं होतं, आउटपुट आलं की सिग्नल (आपल्या कोडला सूचना), काम संपलं की सिग्नल, वेगळा थ्रेड काढायची भानगड नाही. आणि कमांड एकाच लांबलचक स्ट्रिंगमध्ये जोडू नका, प्रत्येक आर्ग्युमेंट लिस्टमध्ये वेगळं द्या. आमच्याकडे फाईलचं नाव "विसर्जन (रात्री) & ढोल ताशा.एमपी४" असलं काहीतरी असतं, ते शेलमध्ये (टाईप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) गेलं की त्या & पाशी कमांड तुटलीच म्हणून समजा.

खरा वेळ गेला प्रोग्रेसमध्ये. टर्मिनलवर फ्रेम, टाइम, स्पीड दाखवणारी जी ओळ पळताना दिसते ती स्टँडर्ड एररवर (प्रोग्रॅमची सूचना-चुका सांगायची वेगळी वाट) येते, स्टँडर्ड आउटपुटवर नाही, आणि तिच्या शेवटी न्यूलाईन (पुढच्या ओळीवर जा) नसते, कॅरेज रिटर्न (याच ओळीच्या सुरुवातीला परत जा) असतो, तीच ओळ पुन्हा पुन्हा पुसून लिहायची म्हणून. क्यूप्रोसेसचं कॅन-रीड-लाईन न्यूलाईनचीच वाट बघतं, त्यामुळे ते ढिम्म. ती ओळ रेजेक्सने (मजकुरातले नमुने शोधायची पद्धत) फोडणारे लोक आहेत, मला तो प्रकार पटत नाही, कारण ती माणसाने वाचायची ओळ आहे. त्यापेक्षा एफएफएमपेगच्या प्रोग्रेस ऑप्शनला पाइप:१ द्या, मग स्टँडर्ड आउटपुटवर नाव=किंमत अशा सरळ ओळी येतात, प्रत्येक गठ्ठ्याच्या शेवटी प्रोग्रेस=कंटिन्यू आणि अगदी शेवटी प्रोग्रेस=एंड. व्हिडिओची एकूण लांबी आधी एफएफप्रोबला (एफएफएमपेगसोबतच येणारा, फाईलची माहिती सांगणारा प्रोग्रॅम) विचारून ठेवायची आणि झालेल्या वेळेला तिने भागायचं. यात एक गंमत आहे, आउट_टाइम_एमएस असं नाव असलेली किंमत मिलिसेकंदात नसून मायक्रोसेकंदात असते! आउट_टाइम_यूएस घ्या, तिथे नाव आणि आकडा जुळतात. सुरुवातीला कधीकधी आकड्याऐवजी एन/ए येतं, ते सोडून द्यायचं.

आता कॅन्सल. सरळ किल केलं (एफएफएमपेग जबरदस्तीने बंद केलं) तर एमपी४ उघडतच नाही, कारण कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका, म्हणजे मूव्ह अ‍ॅटम, साधारणपणे सगळ्यात शेवटी लिहिला जातो. टर्मिनलवर आपण क्यू दाबतो ना, तेच प्रोग्रॅममधून करायचं, प्रोसेसच्या स्टँडर्ड इनपुटवर क्यू हे अक्षर लिहायचं, एफएफएमपेग शहाण्यासारखं फाईल पूर्ण करून बाहेर पडतं आणि जेवढं झालंय तेवढं चालतं. विंडोजवर तर हे हवंच, तिथे क्यूप्रोसेसचं टर्मिनेट (बंद हो अशी विनंती) काळ्या खिडकीतल्या कन्सोल प्रोग्रॅमला लागू पडत नाही, डायरेक्ट किलच. मी पाच सेकंद वाट बघतो आणि तरी हललं नाही तर मग किल.

यामुळेच नो-एसटीडीइन (स्टँडर्ड इनपुट वाचूच नको) हा ऑप्शन मी मुद्दाम टाकला नाहीये, स्क्रिप्टमध्ये तो बरोबरच आहे, पण इथे टाकला तर क्यू ऐकणार कोण. मात्र त्याच वाटेने दुसरं लफडं येतं, आउटपुट फाईल आधीच असेल तर एफएफएमपेग "ओव्हरराईट?" विचारून उत्तराची वाट बघत बसतं आणि आपल्या खिडकीत तो प्रश्न दिसतच नाही. म्हणून फाईल आहे का ते आधी मीच तपासतो, हो-नाही विचारतो आणि मगच वाय ऑप्शन (न विचारता ओव्हरराईट कर) देऊन सुरू करतो.

स्टँडर्ड एररच्या शेवटच्या वीसेक ओळी साठवून ठेवतोय, एक्झिट कोड (संपताना प्रोग्रॅम देतो तो आकडा) शून्य नसला, म्हणजे काही बिघडलं, की "तपशील" बटणाखाली दिसतात. पुढे एकामागोमाग फाईली लावायची रांग करायचीय. मॅकवर कोणी क्यू पाठवून बघितलं असेल तर सांगा, माझ्याकडे मॅक नाही.