कोंक : पळवून आणलेल्या अस्थींचे गाव

फ्रान्समधील ल पुई-आं-व्हले येथून स्पेनमधील सान्तियागोकडे जाणारी पदयात्रेची वाट ओब्राकचे उघडेबोडके पठार ओलांडते, लॉत नदीच्या खोऱ्यात उतरते आणि सुमारे दोनशे किलोमीटरची चाल झाल्यावर कोंक या लहानशा गावी पोहोचते. शेवटची उतरण इतकी तीव्र आणि दगडगोट्यांची आहे की, गाव जवळ आल्याचे डोळ्यांआधी गुडघ्यांना कळले. मग झाडीतून पातळ दगडी फरश्यांनी शाकारलेली छपरे दिसली आणि त्यांच्यावर उठलेले सेंत-फ्वा चर्चचे मनोरे.

एवढ्या आडबाजूला एवढे भव्य देवालय उभे राहिले, ते एका चोरीमुळे. फ्वा ही फ्रान्समधीलच आजां या शहरातील कोवळ्या वयाची मुलगी. ख्रिस्ती श्रद्धा सोडली नाही म्हणून रोमन अमलात तिचा वध झाला. नवव्या शतकात कोंकच्या मठातील एक साधू आजांला गेला, तेथे कित्येक वर्षे राहून त्याने विश्वास संपादन केला आणि संधी साधून तिच्या अस्थी इकडे आणल्या, अशी परंपरा आहे. मठाने ही गोष्ट लपवली तर नाहीच, उलट अभिमानाने लिहून ठेवली. विजयनगरहून विठ्ठलमूर्ती परत आणणाऱ्या भानुदासांची कथा ऐकत वाढलेल्या मला हा अभिमान अगदीच परका वाटला नाही.

या अस्थींसाठी घडवलेली, लाकडी गाभ्यावर सोन्याचा पत्रा मढवलेली रत्नजडित मूर्ती आजही येथील खजिन्यात बसलेली आहे. अकराव्या शतकाच्या आरंभी आंजेचा बेर्नार हा विद्वान आला, तेव्हा त्याला ही निव्वळ मूर्तिपूजा वाटली; पुढे त्यानेच फ्वाच्या चमत्कारांचा ग्रंथ लिहिला. तिची ख्याती कैद्यांना सोडवणारी म्हणून होती आणि गाभाऱ्याभोवतीची लोखंडी जाळी सुटलेल्या कैद्यांच्या बेड्या वितळवून केली, असे सांगतात.

पश्चिम दारावरील अंतिम न्यायाच्या, म्हणजे जगाच्या अंती पुण्यवंतांना स्वर्गात आणि पाप्यांना नरकात धाडणाऱ्या निवाड्याच्या, शिल्पपटात 124 आकृती आहेत. स्वर्गाची बाजू शिस्तबद्ध, पण शिल्पकाराचा हात खरा रमला आहे तो नरकात, हे कबूल करावेच लागते.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात गावकऱ्यांनी खजिना लपवून वाचवला. इमारत मात्र मोडकळीस आली होती. 1837 साली ऐतिहासिक वास्तूंचे सरकारी निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे यांनी पाहणी केल्यानंतर तिच्या रक्षणाला चालना मिळाली. 1873 पासून प्रेमोंत्रे पंथाचे साधू येथे आहेत आणि रात्रीच्या प्रार्थनेनंतर ते यात्रेकरूंना आशीर्वाद देतात.

1994 साली चर्चला चित्रकार प्येर सुलाज यांनी रचलेल्या 104 खिडक्या बसल्या. सुलाज जवळच्याच रोदेझचे. शाळकरी वयात हे चर्च पाहून त्यांनी चित्रकार होण्याचे ठरवले होते. त्यांची काच रंगहीन आणि अर्धपारदर्शक आहे, त्यामुळे आत चित्रे नव्हे, फक्त वेळेनुसार पालटणारा उजेड येतो. गावात या खिडक्यांना सुरुवातीला विरोध झाला. मला मात्र त्या योग्य वाटल्या, कारण येथील दगड मुळातच पिवळसर, तांबूस आणि निळसर आहे. रंगीत काचांनी तो झाकोळला असता.