दांडेलीच्या आधी यळ्ळूर शिवार

गळ्यात दुर्बीण दिसली की शहापुरात कुणीतरी विचारतंच, "सर, बेळगावात कुठले ओ पक्षी? त्याला दांडेलीलाच जायला लागतंय की." चहाच्या गाड्यावर उभ्या उभ्या याचं उत्तर नीट देता येत नाही. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून गेल्या डिसेंबरातला एक रविवार सांगतो.

दांडेलीचं जंगल सुंदरच आहे. धनेश बघायला मीही तिकडे जातो. पण थंडीतले पाहुणे बघायचे तर माझं पहिलं ठिकाण यळ्ळूर रस्त्याचं शिवार. तिथं पाटी नाही, तिकीट नाही. भाताची सुगी संपते आणि जमिनीत ओल आहे तोवर शेतकरी मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. भाताचे सड, मधे कोवळा मसूर, बांधावर वाळलेलं गवत, कडेनं बळ्ळारी नाला. किडे, टोळ, उंदीर, सांडलेलं भात, सगळं एका जागी. मध्य आशियातून उडत आलेल्या पक्ष्याची सोय आमचा शेतकरीच करून ठेवतो, त्याच्या ध्यानीमनी नसताना.

सव्वासहाला पोचलो तेव्हा राजहंसगडाचा नुसता माथा धुक्याच्या वर होता. दिसायच्या आधी ऐकू आलं: टिटवी, मग पिवळ्या धोब्यांची बारीक चिवचिव. उजाडल्यावर एका वाळक्या काडीवर गप्पीदास दिसला. खाली उतरायचा, किडा टिपायचा आणि परत त्याच काडीवर. अर्ध्या तासात त्यानं काडी बदलली नाही.

धुकं फाटलं आणि भोवत्या या शिकारी पक्ष्याची मादी आली. तपकिरी अंग, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. पंख थोडे वर उचललेले, पसरट 'व्ही'सारखे, आणि सडांच्या वर जेमतेम कमरेएवढ्या उंचीवरून ती एका बाजूला कलत, मग दुसऱ्या बाजूला कलत चाललेली. तिचं तोंड घुबडासारखं गोलसर असतं. गवतातली हालचाल ती कानानंही टिपते. मधेच गर्रकन वळली, पाय खाली सोडले आणि गवतात गडप झाली. उठली तेव्हा पंज्यात काहीतरी धरलेलं होतं.

शेजारच्या पट्टीत भांगलणाऱ्या मावशी उठून आल्या. "घार हाय काय ओ ती?" मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. बराच वेळ बघून म्हणाल्या, "घारीगत न्हाई. घार वरनं फिरतीय, हे खालनं खालनं जातंय." भोवत्या ओळखायची याहून सोपी खूण मला अजून कुणी सांगितलेली नाही.

हे शिवार दरवर्षी कमी होतंय. हलगा-मच्छे बायपास याच पिकाऊ जमिनीतला. नाल्यात शहराचं सांडपाणी येतं आणि पावसाळ्यात तेच भातात घुसतं. तळं असतं तर निदान तळं वाचवा म्हणता आलं असतं. शेताला पक्ष्यांची जागा म्हणून कुणी मोजतच नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच लागतं. म्हणूनच विचारणाऱ्याला मी आधी इथं आणतो.

नऊनंतर ऊन चढलं, भोवत्याची मादी वर गेली. बेळगुंदीवरनं राकसकोप गाठलं. मार्कंडेय नदीवरचा हा जलाशय, बेळगावच्या नळाला येतं त्यातलं काही पाणी इथलंच. पाण्याच्या पसाऱ्यात आधी दिसले ते वारकरी: काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. पाखराला हे नाव ज्यानं दिलं त्याला माझा नमस्कार. पलीकडच्या अंगाला तुडये, म्हणजे चंदगड तालुका. त्या बाजूच्या वठलेल्या झाडावर कैकर बसली होती. हीसुद्धा हिवाळ्यातली पाहुणी, आणि मासे हेच हिचं जेवण. पाऊण तास हलली नाही. मग उडाली, एका जागी फडफडत थांबली आणि पाय पुढे करून पाण्यावर आदळली. मासा घेऊन वर आल्यावर तिनं हवेतच तो पंज्यात फिरवला, तोंड पुढे, शेपूट मागे. वारा कापायला तसाच सोपा जातो. तिच्या तळव्यांना बारीक काटे असतात, त्यामुळे निसरडा मासाही सुटत नाही.

दुपारी धुपदाळ. घटप्रभा नदीवर १८९७ साली बांधलेला बंधारा; त्याच्या पाण्याभोवतीचा परिसर १९७४ पासून पक्षी अभयारण्य आहे. कांड्या करकोच्यांसाठी लोक मुद्दाम इथं येतात. त्या दिवशी एकही नव्हता. शराटी होते, नदीसुरय होते, लांबवर तलवार बदकांचा एक थवा होता, पण पाणी चमकत होतं आणि फारसं काही लागलं नाही. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो, तेव्हा परत जाईन.

तर, यायचं असेल तर रविवारी सहाला वडगावात भेटा. दुर्बीण नसली तरी चालेल, माझी आहे. भडक रंगाचं जाकीट नको. आणि चालायचं ते बांधावरनंच. मसूर आत्ता कुठं बोटभर आलाय.