खाण खात्यासाठी मला एकच नाव हवं आहे

बाबांच्या कपाटात एक निळी फाइल आहे. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी भाताच्या, शेतात दर पावसाळ्यात खाणीचा गाळ उतरतो, त्याबद्दलचे सगळे अर्ज तिच्यात लावलेले आहेत. एका खात्याने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. बाबा थकले, तेव्हा फाइल माझ्याकडे आली.

गेल्या वर्षी ती घेऊन मी विरोधकांकडे गेले. एका पक्षाच्या कार्यालयात त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दुसरीकडे झेरॉक्स ठेवून घेतली. तिसरीकडच्या कार्यकर्त्याने विचारलं, "ताई, हे आधी कोणाला दिलंय का? त्यांनी उचललं असेल तर आम्ही कशाला?" माणूस वाईट नव्हता. पण गाळाचा प्रश्न कोणाचा, हे विरोधकांनी आपसात ठरवलेलंच नव्हतं.

म्हणून गोव्यातल्या विरोधकांनी एकत्र बसून शॅडो कॅबिनेट करावं, असं मला मनापासून वाटतं. प्रत्येक खात्याच्या मंत्र्यासमोर विरोधकांचा एक माणूस. त्याने त्या खात्याचा अर्थसंकल्प वाचायचा, विधानसभेत प्रश्न लावायचे, आणि आपण सत्तेत असतो तर काय केलं असतं तेही सांगायचं. ब्रिटनमध्ये ही जुनी रीत आहे. तिथे 1937 पासून विरोधी पक्षनेत्याला कायद्याने पगार मिळतो. आपल्याकडे शॅडो कॅबिनेटला कायद्याचा आधार नाही, पण ते करायला कोणाची परवानगीही लागत नाही. शेजारच्या महाराष्ट्रात मनसेने मार्च 2020 मध्ये ते जाहीर केलं होतं.

तो एकच पक्ष होता. आपल्याकडे सप्टेंबर 2022 मध्ये काँग्रेसचे 11 पैकी 8 आमदार भाजपमध्ये गेले आणि विरोधात सात उरले: काँग्रेसचे तीन, आपचे दोन, गोवा फॉरवर्डचा एक, रिव्होल्युशनरी गोअन्स (आरजी) पक्षाचा एक. सात माणसं, चार पक्ष. 91 व्या घटनादुरुस्तीमुळे गोव्यात मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त 12 मंत्री. म्हणजे सातांमध्ये बाराजणांचं काम वाटायचं, नाहीतर सभागृहाबाहेरची माणसं घ्यायची. मला बाहेरची माणसं आवडतील. म्हादई नदीचं पाणी किंवा खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचे, बांध वर्षानुवर्षं अभ्यासणारे लोक गोव्यात आहेत, त्यांना आमदारकीचं तिकीट कधी मिळणार नाही.

खरं भांडण वाटणीवर होईल. मलेशियात 2009 मध्ये तीन विरोधी पक्षांच्या आघाडीने प्रत्येक खात्यावर तिन्ही पक्षांचा एकेक खासदार नेमला होता. कोणी रुसायला नको, हा त्यामागचा विचार मला समजतो. तरी ती पद्धत आपण घेऊ नये. तिघांना दिलेली फाइल कोणाच्याच टेबलावर राहत नाही, हे मी पाहून आले आहे. खाण एकाकडे द्या, आरोग्य दुसऱ्या पक्षाच्या माणसाकडे द्या, पण नाव एकच असू दे.

अशाने फुटाफूट थांबेल का? खात्री देता येत नाही. जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदार गेले, त्यांत खुद्द विरोधी पक्षनेते होते. 2022 च्या निवडणुकीआधी तर काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, खुरसासमोर (क्रुसासमोर) आणि दर्ग्यात शपथ घेतली होती. देवासमोरची शपथ आठ महिनेही टिकली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पण जो माणूस दोन वर्षं खाण खात्यावर आकडे घेऊन बोलला, त्याला पक्ष बदलताना गावोगावच्या लोकांना उत्तर द्यावं लागेल. शपथ देवाला माहीत असते. गाळाचा हिशेब आमच्या सगळ्या वाड्याला माहीत असतो.

निवडणुकीच्या तोंडावर युती करून जागा वाटून घेतल्या, एवढं मला पुरणार नाही. खाती आत्ताच वाटा, नावं छापा.

फाइलमध्ये गेल्या तीन पावसाळ्यांचे फोटो तारखेसकट लावले आहेत. बांध कुठे फुटला, त्याचा नकाशा बाबांनी स्वतः पेन्सिलने काढून दिला आहे. नाव जाहीर होईल त्या दिवशी ती घेऊन मी डिचोलीहून पहिल्या बसने पणजीला जाईन.