मंगळवार संपत नाहीत

कॅलेंडरमध्ये कुणीही घुसू शकतं, ही त्याची सोय आणि हाच त्याचा वैताग. सहकारी आमंत्रण धाडतो, आपण ‘येते’वर बोट टेकवतो आणि गुरुवारची अख्खी दुपार एका निळ्या चौकोनाखाली गडप होते. माझी कामं मात्र साध्या टेक्स्ट फाइलीत असतात. तारीख, तिच्याखाली दोन-चार ओळी, मग पुढची तारीख. रंग नाहीत, चौकोन नाहीत आणि मुख्य म्हणजे तिथे माझ्याशिवाय कुणी लिहीत नाही. या दोघांची गाठ घालून द्यायला मी टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडते आणि एक कमांड मारते: येत्या आठवड्याच्या नोंदी काढ आणि एकेका ओळीत मांडून दे.

ऐकायला हे चुटकीसरशी होणारं काम वाटतं. पण कॅलेंडरची एखादी नोंद आतून बघा. बाहेर काढलेलं कॅलेंडर आपल्या हातात येतं ते आयसीएस फाइल म्हणून. तिचा साचा, म्हणजे आयकॅलेंडर, १९९८ साली ठरला आणि २००९ मध्ये आरएफसी ५५४५ या नावाने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे संकेत ठरवणारे दस्तऐवज) सुधारून निघाला. फाइल एडिटरमध्ये उघडली की अर्ध्या तासाच्या साध्या बोलण्यामागे केवढा लवाजमा असतो ते दिसतं. सुरुवात, शेवट, शीर्षक, जगात दुसऱ्या कुठल्याही नोंदीला नसेल असा लांबलचक ओळखक्रमांक, कुणी बोलावलं, कुणी होकार दिला, कोण अजून गप्प आहे, घंटी किती मिनिटं आधी वाजवायची. मला यातलं हवं असतं एवढंच: केव्हा, कुठवर, काय. बाकीचं सगळं गाळायचं.

गाळायचं म्हटल्यावर हात आपोआप ग्रेपकडे, म्हणजे ठरावीक शब्द असलेल्या ओळी शोधून देणाऱ्या कमांडकडे, जातो. शीर्षकाच्या ओळी तेवढ्या उचलायच्या, झालं. इंग्रजी शीर्षकं आखूड असतील तर ते निभतंही. मराठीत लिहिणाऱ्याला मात्र इथे पहिली ठेच लागते. साच्याचा नियम सांगतो की ओळ ७५ बाइटांपेक्षा (बाइट म्हणजे मजकूर साठवण्याचं छोटं माप) लांब असू नये. लांब झाली तर मोडावी आणि पुढची ओळ एक जागा सोडून सुरू करावी. आता देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत, तीन बाइट खातं, आणि काना-मात्राही स्वतंत्र चिन्हं. शीर्षकाच्या खुणेचे (SUMMARY:) आठ बाइट आधीच गेलेले. ‘वार्षिक अहवालाच्या मसुद्यावर चर्चा’ असं काही लिहिलं तर ओळ कुठे भरते? ‘मसुद’पर्यंत ७३ बाइट होतात. उरले दोन, आणि पुढे उभं आहे ‘द’चा पाय मोडणारं चिन्ह, ज्याला तीन लागतात. शहाणा प्रोग्राम त्याच्या आधी थांबतो. बाइट मोजून सरळ कापणारा प्रोग्राम त्या चिन्हाचेच दोन तुकडे करतो. दोन्ही बाबतींत ग्रेपच्या हाती अर्धवट शीर्षक लागतं आणि ‘्यावर चर्चा’ पुढच्या ओळीवर अनाथ राहते. म्हणून मोडलेल्या ओळी आधी सांधायच्या, अक्षरं म्हणून वाचायच्या त्यानंतर, आणि गाळणं सगळ्यात शेवटी. आरएफसीतही जुन्या प्रोग्रामांच्या या खोडीची दखल घेतली आहे.

दिवसभराच्या नोंदीची गंमत त्यापुढे किरकोळ आहे. १५ तारखेच्या सुट्टीचा शेवट फाइलीत १६ तारीख असा असतो, कारण शेवटचा दिवस धरायचा नाही असा संकेत आहे. हे ज्याला ठाऊक नाही ती स्क्रिप्ट एका सुट्टीच्या दोन करते. तिचा मालक तक्रार करत नाही.

खरी मजा आहे ती पुन्हा पुन्हा येणाऱ्या नोंदींत. दर मंगळवारी दहाला बैठक असते, असं समजा. मला वाटायचं, फाइलीत तेवढ्या मंगळवारांच्या तेवढ्या नोंदी असतील. तिथे असते एकच: पहिल्या मंगळवारची तारीख आणि खाली एक नियम, ‘आठवड्याने, मंगळवारी’. शेवट लिहिलेला नसला तर शेवट नाहीच. आजच्या तारखेने फाइल शोधून पाहिली तर आजची बैठक सापडतच नाही. ती कधीच्या काळातल्या तारखेखाली बसलेली असते आणि कुणीतरी गणित करून तिला आजवर आणावं लागतं. एखादा मंगळवार रद्द झाला तर तो वगळल्याची वेगळी ओळ. बुधवारवर ढकलला तर ‘मूळ अमुक मंगळवारचा तो हा’ असं सांगणारी अख्खी वेगळी नोंद. दर महिन्याच्या ३१ तारखेला असा नियम केला तर ३० दिवसांचे महिने आणि फेब्रुवारी सरळ ओलांडले जातात. आदल्या दिवशी उरकून घेऊ, असला समजूतदारपणा नियमात नाही. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्याचा वाढदिवस नुसता ‘दरवर्षी’ म्हणून नोंदवला की तो लीप वर्षातच उगवतो.

हे गणित स्वतः लिहायच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘खाल’ किंवा ‘जीकॅलसीएलआय’सारखी, टर्मिनलमधून कॅलेंडर वाचणारी तयार साधनं ते करतात. पण तीही एक गोष्ट ठरवायला लावतात: कधीपासून कधीपर्यंत? कॅलेंडरात न संपणारा मंगळवार फुकट असतो, एका नियमात मावतो. टेक्स्ट फाइलीत प्रत्येक मंगळवारला स्वतःची ओळ लागते. वर्षभराचे मंगळवार मागितले तर पन्नासच्या वर ओळी समोर येतात. नियम मान्य करताना हे कुणी मोजत नाही. मी आठवड्यापलीकडे मागत नाही. त्यापुढचं कॅलेंडरला माहीत असलं की पुरे.

जीकॅलसीएलआयला टॅबने तोडलेला मजकूर मागता येतो. तारीख, वेळ, शीर्षक असे कॉलम मिळाले की ऑकची, म्हणजे कॉलम हवे तसे मांडून देणाऱ्या कमांडची, एक ओळ त्यांना माझ्या फाइलीच्या वळणावर आणते. ऑर्ग-मोड, म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलीत नोंदी आणि कामं ठेवायची सोय, वापरणारे तारीख कोनी कंसात (< >) घालतात, म्हणजे ती त्यांच्या अजेंड्यात दिसते. चौकोनी कंसात घातली तर नुसती नोंद राहते, पुढे पुढे करत नाही. हा फरक मला फार आवडतो. यावं न यावं असं ज्या बैठकांबद्दल वाटतं त्यांच्यासाठी चौकोनी कंस अगदी योग्य.

दोन बाबतींत मी हट्टी आहे. पहिली, यंत्राने लिहायची फाइल वेगळी आणि माझी वेगळी. यंत्राची फाइल दर वेळी पुसून नव्याने लिहिली जाते, त्यामुळे तीच नोंद दोनदा येण्याचा किंवा रद्द झालेली लोंबकळत राहण्याचा प्रश्न मिटतो आणि ओळखक्रमांक ताडून बघण्याची कटकटही. तिच्यातल्या ज्या ओळी हव्यात त्या मी हाताने माझ्या फाइलीत घेते. दुसरी, हे सगळं क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामला, लावून द्यायचं नाही. ‘पहाटे आपोआप होऊ दे की,’ असं सांगणारे भेटतात, आणि क्रॉनची ओळ लिहिणं काही अवघड नाही. पण आपोआप भरलेली फाइल मी वाचणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. कमांड मारल्यावर ओळी डोळ्यांसमोरून सरकतात, तेवढ्यात गुरुवारच्या दुपारकडे लक्ष जातं आणि एखादा नकार वेळेत कळवता येतो.

कल्पना नवी मुळीच नाही. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्स या संगणकप्रणालीत ‘कॅलेंडर’ याच नावाची कमांड होती. ती त्याच नावाची साधी फाइल वाचायची आणि आजची किंवा उद्याची तारीख असलेल्या ओळी छापायची. शनिवार-रविवार मध्ये आला तर तिचा ‘उद्या’ सोमवारपर्यंत लांबायचा. आताच्या घंट्या-सूचनांमध्ये इतकी माणुसकी मला क्वचित दिसते.

उलट दिशेनेही ओळी पाठवता येतील, फाइलीतली कामं कॅलेंडरात. ते मी करत नाही. कॅलेंडरच्या घटनेला सुरुवातीची वेळ, निदान तारीख, लागते आणि माझ्या फाइलीच्या तळाशी जे साचलंय त्याला ती नाही: जुने फोटो नावं घालून लावायचे, शिवण उसवलेली पिशवी, एका मैत्रिणीला सविस्तर पत्र. साच्यात ‘करायची कामं’ नावाचा वेगळा प्रकार आहे, त्याला वेळ नसली तरी चालते. पण बरीचशी कॅलेंडरं तो दाखवतच नाहीत, आणि दाखवला असता तर कुणीतरी त्या पत्रावरच बैठक लावली असती.