बायोस अपडेट फुकट मिळालं, तिथून सुरुवात

मी लग्नाचे आणि अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ एडिट करतो. भुसावळचा मे महिना, पारा 45 च्या आसपास, आणि एका लग्नाच्या रेंडरला, म्हणजे एडिट केलेल्याची शेवटची फाइल बनवायला, लॅपटॉप अख्खी रात्र घेतोय. प्रोसेसर कोअर आय-5 9300एच. कागदावर 2.4 गिगाहर्ट्झ, टर्बोत (काम वाढलं की चिप स्वतःच वेग वाढवते तो) 4.1 पर्यंत. म्हटलं, ओव्हरक्लॉक करून टाकू, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षाही जास्त पळवू.

तो विषय दहा मिनिटांत आटोपला. वेग म्हणजे 100 मेगाहर्ट्झ गुणिले एक आकडा, आणि तो आकडा कमाल टर्बोच्या वर नेणं इंटेलनेच बंद केलंय. नावाच्या शेवटी एचके असेल किंवा एचएक्स असेल तरच बहुधा जमतं. नुसत्या एच किंवा यू वाल्यांनी नाद सोडावा. जमलं तरी धोका मोठा: लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डालाच सोल्डर केलेला असतो, त्यामुळे उडाला तर अख्खा मदरबोर्ड गेला.

मग प्रोसेसरचा वेग, तापमान, व्होल्टेज बघायचं-बदलायचं थ्रॉटलस्टॉप नावाचं सॉफ्टवेअर टाकून रेंडर लावला तर तापमान 97, वेग 2.7. म्हणजे चिपला स्वतःचाच टर्बो झेपत नव्हता. यावर उपाय अंडरव्होल्टिंग. वेग तोच, व्होल्टेज थोडं कमी. व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वीज आणि उष्णता घटते. उणे 50 मिलिव्होल्टपासून सुरू करायचं ठरवून थ्रॉटलस्टॉपमधली व्होल्टेजची खिडकी उघडली. तिथं लिहिलेलं: ‘लॉक्ड’.

दोन दिवस विंडोजला शिव्या दिल्या. (विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी ही सोय चालू असली तरीही हे अडतं, ते आधी बघा. माझी बंदच होती.) मग मित्राचा लॅपटॉप आणला. मॉडेल तेच, चिप तीच, आणि त्याचा व्होल्टेजचा स्लायडर लोण्यासारखा सरकतोय! फरक एकच. माझा जानेवारीत कीबोर्डसाठी जळगावच्या सर्व्हिस सेंटरला गेला होता. जॉबशीट शोधून काढली. खाली बारीक अक्षरात: बायोस अपडेट केले, शुल्क शून्य. (बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारं, मदरबोर्डावरचं सॉफ्टवेअर.)

झालं असं होतं की डिसेंबर 2019 मध्ये संशोधकांनी प्लंडरव्होल्ट नावाची पळवाट जाहीर केली. सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज खाली ओढून प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यातल्या हिशोबात चुका घडवायच्या आणि त्यातून गुपितं काढायची. इंटेलने मग व्होल्टेजला कुलूप लावायची सोय दिली आणि कंपन्यांनी बायोसमधून ते लावलं. कारण पटतं मला. पण माझ्या घराला कुलूप लावताना मला विचाराल की नाही?

तीन चकरा झाल्या. भुसावळ ते जळगाव, टोकन, प्लॅस्टिकची खुर्ची. पहिल्यांदा सांगितलं, “विंडोज फॉरमॅट करून बघू सर.” दुसऱ्यांदा, ज्यांना कळतं ते सर सुट्टीवर. तिसऱ्यांदा ते सर भेटले आणि म्हणाले, “हे ग्राहकांच्या सुरक्षेसाठी असतं.” जुनं बायोस टाकून द्या म्हटलं, तर नाही म्हणाले. घरी मीच प्रयत्न केला. जुन्या फाइलने पडद्यावर एक ओळ दाखवली की खालच्या आवृत्तीवर जाता येणार नाही, आणि ती बंद झाली. बाहेरून काका ओरडले, “काय करून राह्यला भो, पंखा तरी बंद कर त्याचा, विमान उडतंय का?”

त्या पंख्यावरूनच डोक्यात आलं आणि मागचं झाकण उघडलं. पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये करड्या लोकरीचा थर, पिंजलेल्या गादीसारखा. आमच्या गल्लीमागेच जिनिंग आहे, वर्षभराचा कापूस त्यात बसलेला. चिमट्याने तो अख्खा एका तुकड्यात निघाला. थर्मल पेस्ट खडूसारखी वाळलेली होती, ती नवीन लावली. शिवाय टर्बोचा तो गुणिले आकडा 41 वरून 34 पर्यंत खाली आणला. वर न्यायला बंदी, खाली आणायला नाही! रेंडर 82 अंशांवर, वेग शेवटपर्यंत 3.4. आधीचा 4.1 दोन मिनिटंही टिकत नव्हता.

हो, झाकण उघडल्यावर आधी बॅटरीची पिन काढा. आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

मागच्या आठवड्यात मित्राचा लॅपटॉप बिजागरीसाठी त्याच सेंटरला टाकला. जॉबशीटवर मी स्वतः पेनने लिहिलं, ‘बायोस अपडेट करू नये’. काउंटरवरच्या पोराने दोनदा वाचलं आणि विचारलं, “म्हणजे काय करायचं नाही सर?”