बीआय-१ : इंजिनावरचा संशय आणि २७ मार्च १९४३

अपघात-विश्लेषणाच्या वर्गात नव्या अभियंत्यांपुढे मी बीआय-१ या सोव्हिएत रॉकेट-विमानाच्या अपघाताची केस ठेवतो. बहुतेक जण पहिला संशय इंजिनावर घेतात. त्यात नवल नाही, ते इंजिन होतंच तसं.

बेरेझ्न्याक आणि इसायेव यांनी बोल्खोवितिनोव्हच्या डिझाइन ब्युरोत १९४१ साली हे रॉकेट-लढाऊ विमान आखलं. सांगाडा प्लायवुडचा, पंखांचा विस्तार साडेसहा मीटरच्या आत, पूर्ण भरल्यावर वजन साधारण १,६५० किलो. दुश्किन या अभियंत्याचं इंजिन १,१०० किलो जोर द्यायचं. त्याच्यासाठी १३५ किलो केरोसीन आणि ते जाळायला ५७० किलो नायट्रिक ॲसिड भरलं जाई, आणि दोन्ही मिळून सेकंदाला अंदाजे ६ किलो खर्च होई. पूर्ण जोरावर जेमतेम दोन मिनिटांत टाक्या रिकाम्या. हे द्रव इंजिनात ढकलणारा टर्बोपंप वेळेत होणार नव्हता, म्हणून इसायेवने दाबाखालच्या हवेने द्रव ढकलायची सोय केली. पंपाची कटकट गेली, पण टाक्या दाब सोसणाऱ्या, म्हणजे जड झाल्या. शिवाय ॲसिड त्यांना आतून खात राहायचं.

ब्युरो उरलमध्ये बिलिंबाईला हलवल्यावर, फेब्रुवारी १९४२मध्ये, जमिनीवरच्या चाचणीत इंजिन फुटलं. वैमानिक बाख्चिवांजींच्या डोक्याला मार बसला, पाल्लो या अभियंत्याच्या तोंडावर ॲसिड उडालं. डोळे वाचले ते चष्म्यामुळे. सोडा विरघळवलेल्या पाण्याचं पिंप जवळ होतं, त्यात त्याला लगेच बुडवलं. ॲसिडवर काम करणाऱ्या कुणालाही हे पिंप हाताशी असण्याचं मोल सांगावं लागत नाही.

१५ मे १९४२ला कोल्त्सोवोहून बाख्चिवांजींनी पहिलं उड्डाण केलं: ३ मिनिटं ९ सेकंद, उंची ८४० मीटर. उतरताना चाकांची जोडणी मोडली, इंजिन मात्र ठीक चाललं.

आता २७ मार्च १९४३. तिसरा नमुना, साधारण २,००० मीटरवर सरळ उड्डाण, काम जास्तीत जास्त वेग गाठण्याचं. उड्डाणाच्या शेवटी विमानाने अचानक नाक खाली घातलं आणि सुमारे ५० अंशांच्या कोनात ते जमिनीवर आदळलं. बाख्चिवांजी जागीच गेले.

इथे मी वर्गाला हिशेब करायला लावतो. वेगाचा अंदाज ८०० किमी/तास किंवा थोडा वर. त्या उंचीवर ध्वनीचा वेग सुमारे १,२०० किमी/तास, म्हणजे विमानाचा वेग त्याच्या ०.६७ पट, माख ०.६७च्या आसपास. विमान ध्वनीच्या वेगापासून लांबच आहे, पण पंखावरून वळसा घेणारी हवा विमानाहून पुष्कळ वेगाने जाते आणि जागोजागी ध्वनीचा वेग गाठते. तिथे आघाततरंग, म्हणजे हवेचा दाब एकदम उडी घेतो अशा भिंती, उभ्या राहतात, उचल देणाऱ्या दाबाचं केंद्र मागे सरकतं. पंखामागून शेपटीवर येणारा हवेचा खालचा झोतही कमी होतो, त्यामुळे शेपूट वर उचलली जाते. दोन्ही परिणाम नाक खाली ओढतात. त्यातच एलेव्हेटरचा, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीचा जोर घटतो, आणि वैमानिकाने दांडी कितीही ओढली तरी पुरत नाही.

हे आधी का कळलं नाही? कारण त्या वेगाची हवा देणारा पवनबोगदा, म्हणजे नमुन्यावर हवेचा झोत सोडून तपासणी करायचा बोगदा, हाताशी नव्हता. त्सागी या सोव्हिएत विमानविज्ञान संस्थेचा टी-१०६ हा वेगवान बोगदा १९४३मध्येच कामाला लागला, आणि नाक खाली ओढणारा हा परिणाम त्यात दिसला. मालिका-उत्पादनासाठी हाती घेतलेल्या विमानांचं काम थांबवण्यात आलं. चाचणीचे नमुने पुढे उडाले, पण दोन मिनिटांच्या इंधनात शत्रूला गाठून परतायचं कसं, हा सवाल बोगद्यात सुटण्यासारखा नव्हताच.